हब नको, मुक्कामी विमान हवं

नागपूर देशाच्या मध्यावर आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, कुठूनही निघा, नागपूर वाटेतच. तेव्हा विस्तारा सामावून घेऊन मोठ्या झालेल्या एअर इंडियाने आपलं नवं प्रादेशिक हब नागपुरातच करायला हवं. हा युक्तिवाद आमच्या शहरात इतका रुळला आहे की व्यापाऱ्यांच्या बैठकीत, निवडणुकीच्या सभेत आणि लग्नाच्या पंगतीत तो एकाच शब्दांत ऐकू येतो. बोलणारी माणसं तळमळीची आहेत. या शहरासाठी त्यांनी खस्ता खाल्ल्या आहेत. तरीही हा युक्तिवाद चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तो चुकीचा आहे म्हणून निरुपद्रवी आहे, असंही नाही. या एका मागणीपायी आपण ज्या मागण्या सहज पदरात पडल्या असत्या, त्या मांडायच्याच विसरलो आहोत.

आधी या युक्तिवादातला खरा भाग मान्य करतो, कारण तो खरोखर अभिमानाचा आहे. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक डाकोटा विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची. टपालाच्या थैल्या या विमानातून त्या विमानात जायच्या, मोजके प्रवासी धावपट्टीशेजारी पाय मोकळे करून विमान बदलायचे, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. चार शहरांच्या सहा जोड्या होतात. या सहा जोड्या केवळ चार विमानांत बसवल्या होत्या, आणि ते जमलं ते मधल्या नागपूरमुळे. ज्याला आज जग हब म्हणतं, ते आमच्या सोनेगावात पाऊणशे वर्षांपूर्वी चालत होतं. अमेरिकेतल्या मेम्फिसहून फेडेक्सने रात्रीची पार्सल वाहतूक सुरू केली ती १९७३ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी.

आता ही सेवा बंद का झाली, याकडे बघा. सत्तरच्या दशकात ती थांबली तेव्हा नागपूर काही देशाच्या मध्यावरून हललं नव्हतं. विमानं बदलली होती आणि शहरांमधली वाहतूक वाढली होती. दिल्लीहून चेन्नईला थेट विमान भरायला लागलं की मध्ये उतरायचं कारण संपतं. आज दिल्ली ते चेन्नई हे अंतर एअरबस ए-३२० पावणेतीन तासांत कापतं, तेही दिवसातून कित्येकदा. त्या प्रवाशाला तुम्ही नागपुरात उतरवून दीड तास बसवणार, आणि तो आनंदाने बसणार?

इथे आपली गल्लत होते ती रेल्वेमुळे. नागपूर स्टेशनाजवळचं डायमंड क्रॉसिंग आपण पाहुण्यांना दाखवतो. तिथे दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा असे दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात. रेल्वेला रूळ सोडून जाता येत नाही, म्हणून जो मध्ये आहे त्याच्या दारातून तिला जावंच लागतं. विमानाला असं बंधन नसतं. नागपूरच्या आकाशातून दिवसरात्र विमानं जातात, पण ती उतरत नाहीत. मध्यावर असणं रेल्वेच्या काळात भांडवल होतं. जेट विमानाच्या काळात त्याचा अर्थ एवढाच, की लोक तुमच्या डोक्यावरून जातात.

मग हब कशावर उभं राहतं? त्याच गावात चढणाऱ्या आणि त्याच गावात उतरणाऱ्या माणसांवर. बदलून पुढे जाणारे प्रवासी ही वरची साय असते, दूध स्थानिक असावं लागतं. हबमध्ये विमानं लाटेसारखी येतात. तासाभरात दहा-पंधरा उतरतात, माणसं आणि सामान बदलतं, पुढच्या तासात सगळी निघून जातात. अशा लाटा दिवसातून चार-पाच वेळा यायला हव्यात. यातलं प्रत्येक विमान अर्धंअधिक स्थानिक प्रवाशांनी भरलं तरच उरलेल्या जागा बदलणाऱ्यांना स्वस्तात देणं कंपनीला परवडतं. आता आपले आकडे बघा. नागपूर विमानतळावरून वर्षाला अठ्ठावीस-एकोणतीस लाख प्रवासी ये-जा करतात. म्हणजे दिवसाला आठ हजार, त्यातले निघणारे चार हजार. दीडशेच्या हिशेबाने ही दिवसभरातली पंचवीस-सव्वीस विमानं झाली, तीही सगळ्या कंपन्यांची आणि सगळ्या दिशांची मिळून, आणि त्यातला मोठा वाटा इंडिगोचा. मोठ्या हबच्या दोन लाटांत एवढं संपतं. पुण्याचे प्रवासी वर्षाला एक कोटीच्या वर गेले आहेत, धावपट्टी हवाई दलाची आहे, आणि तरीही पुण्याला कोणी हब म्हणत नाही. हैदराबाद आपल्यापासून हवाईमार्गाने जेमतेम सव्वाचारशे किलोमीटरवर. तेही पुष्कळ मध्यावरच आहे, शिवाय तिथे वर्षाला जवळपास तीन कोटी प्रवासी आहेत. मध्यावर असण्याचाच निकष लावायचा तर कोणतीही कंपनी आपल्याआधी हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर जाईल.

'पण आता विलीनीकरण झालंय, कंपनी मोठी झालीय, तिला नवी जागा लागणारच,' हा पुढचा मुद्दा. हा तर मुळातच उलटा आहे. विलीनीकरण म्हणजे दोन चुली एक करणं. त्यात आधी भांडी मोजली जातात आणि दुहेरी निघालेली काढून टाकली जातात. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्याआधी १ ऑक्टोबरला एआयएक्स कनेक्ट, म्हणजे जुनी एअर एशिया इंडिया, एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये गेली. चार कंपन्यांच्या दोन झाल्या. एकाच मार्गावर अर्ध्या तासाच्या अंतराने उडणारी दोन विमानं आता एकाच घरची आहेत, त्यातलं एक जाणार किंवा वेळ बदलणार. २०२३ मध्ये ४७० आणि २०२४ च्या डिसेंबरात आणखी १०० विमानांची मागणी कंपनीने नोंदवली, हे खरं. पण ती विमानं कुठे जाणार याचं उत्तर आपण डोळे मिटून घेतले म्हणून बदलत नाही. दिल्ली आहे, मुंबई आहे, आणि दक्षिणेसाठी कंपनीने बंगळूरच्या विमानतळाशी हब उभारण्याचा करार २०२४ मध्येच केला. देखभाल-दुरुस्तीचा नवा तळही तिने बंगळूरलाच घेतला. बंगळूरला वर्षाला चार कोटींहून अधिक प्रवासी आहेत.

देखभालीचा विषय निघालाच आहे तर नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातल्या बोईंगच्या मोठ्या हँगरबद्दल बोलायला हवं, कारण हबवाले त्याचाच दाखला देतात. एअर इंडियाने बोईंगकडे ६८ विमानं मागवली त्या व्यवहाराच्या ओघात हा प्रकल्प नागपूरला आला आणि २०१५ च्या सुमारास सुरू झाला. चांगलं काम आहे, चांगले तंत्रज्ञ आहेत. पण २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा हा हँगर सांभाळणारी देखभाल कंपनी सरकारकडेच राहिली. म्हणजे ज्या हँगरच्या जोरावर आपण विलीन कंपनीला बोलावतो, तो हँगर त्या कंपनीचा नाही. छोट्या एटीआर विमानांची अलायन्स एअरही सरकारकडेच राहिली. ही गोष्ट हबवाल्यांनी शांतपणे विचारात घ्यावी. नागपूर कशाचं हब होऊ शकलं असतं? जबलपूर, रायपूर, नांदेड, अमरावती अशा शहरांचं, जिथे दीडशे माणसं रोज मिळत नाहीत पण पन्नास-साठ मिळतात. त्यासाठी सत्तर आसनांची विमानं लागतात. टाटांच्या एअर इंडियाकडे असं एकही विमान नाही. ज्याच्याकडे बैलगाडीच नाही त्याच्याकडे आपण शेतावरची खेप मागतो आहोत.

स्वस्त इंधनाचाही मुद्दा असतो. राज्य सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडातला विमान इंधनावरचा कर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. विदर्भात तो त्याच्या कितीतरी आधीपासून कमी आहे. इतकी वर्षं कमी करात इंधन देऊन हब आलं नाही, एवढं पुरेसं आहे.

आता हब मिळालेल्या शहरांचं काय झालं ते सांगतो. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. अमेरिकेतलं सेंट लुईस हे शहर आपल्यासारखंच देशाच्या पोटात आहे. तिथे टीडब्ल्यूए कंपनीचं हब होतं. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए विकत घेतली. तेव्हा तिथे हेच बोललं गेलं: शिकागोला गर्दी झालीय, आपण मध्यावर आहोत, मोठी कंपनी इथेच वाढणार. तिसरी समांतर धावपट्टी बांधायचं आधीच ठरलं होतं. त्यासाठी शेजारच्या ब्रिजटन गावातली सुमारे दोन हजार घरं पाडली. कॅरोल्टन नावाची भरलेली वस्ती होती, शाळा होत्या, चर्च होती. २००३ च्या नोव्हेंबरात कंपनीने सेंट लुईसची उड्डाणं निम्म्यावर आणली. एक अब्ज डॉलरहून जास्त खर्चाची ती धावपट्टी २००६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यावर उतरायला विमानं उरली नव्हती. वस्ती गेली ती गेलीच.

हे वाचताना मला शिवणगाव आठवतं. मिहान आणि विमानतळासाठी जमिनी देणाऱ्या त्या गावच्या माणसांनी मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या. दुसऱ्या धावपट्टीच्या नावाने त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग टांगणीला लागला. तेव्हा 'हब आणा' म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी हे सांगावं, की एखाद्या कंपनीने पाच वर्षांनी हिशेब बदलला तर या जमिनींचं उत्तर कोण देणार आहे. कंपनी देत नसते. सेंट लुईसलाही दिलं नाही.

सेंट लुईस एकटं नाही. सिनसिनाटीला डेल्टाची दिवसाला सहाशेहून अधिक उड्डाणं होती. २००८ मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट एक झाल्या आणि तिथली गर्दी ओसरत गेली. क्लीव्हलंडचं हब युनायटेड-कॉन्टिनेंटलच्या विलीनीकरणानंतर चार वर्षांत, २०१४ मध्ये गेलं. पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते मेम्फिस. नॉर्थवेस्टचं हब म्हणून ते डेल्टाकडे आलं आणि २०१३ मध्ये डेल्टाने ते मोडलं, कारण तिचं मुख्य घर अटलांटा तिथून पाचशे किलोमीटरवर होतं. त्याच विमानतळावर, त्याच धावपट्ट्यांवर फेडेक्स मात्र आजही रोज रात्री आपली विमानं उतरवते. पार्सल मध्यरात्री कुठे बदललं याची पार्सलला पर्वा नसते, माणसाला असते. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा खोक्यांना आहे. १९४९ च्या आपल्या सोनेगावातही विमानं खरी उडत होती ती टपालाच्या थैल्यांसाठी, प्रवासी त्यांच्याबरोबर यायचे.

'मग मालवाहतुकीचं हब तरी?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी सरळ नाही म्हणणार नाही. पण तिथेही अनुभव गाठीशी आहे. २००९ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या डेक्कन ३६० या मालवाहू कंपनीने नागपूरलाच आपलं केंद्र मांडलं होतं. दोन वर्षांच्या आत तिची विमानं जमिनीवर आली. कल्पना वाईट नव्हती, पण पार्सलं पुरेशी नव्हती. आज ऑनलाइन खरेदीमुळे ती वाढली आहेत, तेव्हा पुन्हा प्रयत्न होऊ दे. फक्त तो प्रवासी कंपनीकडे मागू नका. एअर इंडियाकडे आज मालवाहू विमानच नाही.

राहिला प्रश्न, विलीन कंपनीचं नवं केंद्र महाराष्ट्रात कुठे असावं. माझं उत्तर नवी मुंबई आहे, आणि विदर्भाच्या माणसाने हे म्हणायला कचरू नये. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. आमच्या नागपूरच्या विमानाला तिथे हवी ती वेळ मिळत नाही, त्याचं मूळ कारण हे आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे, पुढे नऊ कोटींपर्यंत जायचा आराखडा आहे, आणि तिथे दोन समांतर धावपट्ट्यांची योजना आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या विमानाला योग्य वेळेची जागा मिळवायची असेल तर ती आत्ता, वह्या कोऱ्या असताना मिळेल. पाच वर्षांनी तिथेही दाटी होईल.

पुढचा प्रसंग माझ्या घरातला आहे. माझी मावशी बहात्तर वर्षांची. मुलीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला निघाली. नागपूर-मुंबई एक तिकीट आणि मुंबईहून पुढचं दुसऱ्या कंपनीचं दुसरं. निघायच्या आठ दिवस आधी मोबाइलवर संदेश आला: संध्याकाळचं विमान रद्द, त्याऐवजी दुपारचं देत आहोत. दुपारी निघालेली मावशी पहाटेच्या विमानासाठी मुंबईत बारा तास बसली. सामान आधीच घेऊन ठेवता येत नाही, असं काउंटरवर सांगितलं. दोन बॅगा, त्यातल्या एकीत डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी, आणि गुडघे दुखणारी ही बाई. बॅगा सोडून स्वच्छतागृहातही जाता येईना. शेवटी शेजारच्या एका अनोळखी मुलीने बॅगा सांभाळल्या. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण तो कोणा एकीचा दोष नव्हता. पण मला सांगा, त्या रात्री नागपुरात हब असतं तर मावशीचं काय भलं झालं असतं? जर्मनीचं विमान काही सोनेगावहून उडणार नव्हतं. तिला हवं होतं एकच तिकीट, नागपुरात दिली की थेट फ्रँकफर्टला मिळणारी बॅग, आणि मुंबईत अडीच तासांत मिळणारं पुढचं विमान.

हे अशक्य नाही, याचा पुरावा नागपुरातच आहे. कतार एअरवेजचं विमान गेली कित्येक वर्षं नागपूरहून दोह्याला जातं. विदर्भातल्या किती घरांतली मुलं त्या एका विमानाने युरोप-अमेरिकेला गेली असतील! तिथे हब दोहा आहे, आपण फक्त त्याचं एक टोक आहोत. तरीही प्रवाशाचं काम होतं, कारण विमानाची वेळ पुढच्या विमानांशी बांधलेली आहे. टोक असण्यात कमीपणा नाही. वेळ न जुळणारं टोक असण्यात त्रास आहे.

आणि म्हणून माझी मागणी. एसटीची मुक्कामी गाडी काय असते हे खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगायला लागत नाही. रात्री शेवटची गाडी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची पोरं, दूधवाले, कोर्टाची तारीख असलेले यांना घेऊन तालुक्याला निघते. ज्या गावात गाडी मुक्कामी, त्या गावचा माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकतो. ज्या गावात ती दुपारी येऊन परत जाते, त्या गावच्या माणसाला एका कामासाठी दोन दिवस मोडावे लागतात. विमानाचंही हेच आहे. विमान कंपन्यांच्या भाषेत त्याला बेस म्हणतात. तीन विमानं रात्री नागपुरात मुक्कामाला, त्यांचे वैमानिक, कर्मचारी आणि तंत्रज्ञ नागपुरात राहणारे. हब सोडून एवढं मागितलं तर त्याला नवी धावपट्टी लागत नाही आणि कोणाची जमीन लागत नाही. शिवाय वैमानिकापासून सामान चढवणाऱ्यापर्यंत पगार घेणारी माणसं इथे राहतात, इथल्या शाळेत मुलं घालतात. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीला जाणारा यवतमाळचा रुग्ण त्याच रात्री परत येऊ शकतो. मुंबईत खोली शोधायची वेळ त्याच्यावर येत नाही.

कोणी म्हणेल, ही फार लहान मागणी झाली. मला तसं वाटत नाही. १९४९ मध्ये सोनेगाव मोठं झालं ते वेळापत्रकामुळे. चार विमानं ठरल्या मिनिटाला येत होती आणि ठरल्या मिनिटाला जात होती.

तेव्हा खासदारांना, पालकमंत्र्यांना आणि कंपनीला जाणाऱ्या पुढच्या निवेदनातून 'हब' हा शब्द काढून टाका. त्याऐवजी एवढंच लिहा: पहाटे सव्वासहाला नवी मुंबई, साडेसहाला दिल्ली, पावणेसातला बंगळूर. तिन्ही रात्री दहानंतर परत आणि मुक्कामाला. परदेशी जाणाऱ्याला एकच तिकीट, आणि बॅग नागपुरातच स्वीकारलेली. खाली सह्या करा, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला तेच निवेदन पुन्हा द्या.